चाळीस वर्षे उघड्या राहिलेल्या भिंती

(मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या इतिहासावरून एक अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : एज्रा ३:८-१३, ४:२४, हाग्गय १:१-११, लूक १४:२८-३०, याकोब २:१-९, १ पेत्र २:४-६

पाठाचा हेतू : देवाच्या घराचा पाया घालणे, ते पुरे करणे आणि त्याचे दार उघडे ठेवणे ही तीन निरनिराळी कामे आहेत, ह्या तिन्हींविषयी देव आपणांस जाब विचारतो, हे समजून घेणे.



आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे कामधंद्यासाठी, औषधोपचारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला जातात. आम्ही सिल्वासाचे लोक वापीला गाडीत बसतो आणि मुंबईत उतरल्यावर पुष्कळदा लोकलने चर्चगेटपर्यंत जातो. 'चर्चगेट' हा शब्द दिवसातून हजारो लोकांच्या तोंडी येतो. परंतु तो कोणते चर्च आणि कोणते गेट, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच सापडतील. ख्रिस्ती माणसाला तरी हे ठाऊक असावे. म्हणून ह्या महिन्याच्या पाठासाठी आपण त्या चर्चचा इतिहास घेऊ. तो केवळ दगडविटांचा इतिहास नाही. त्यात उत्साह आहे, आळस आहे, औदार्य आहे आणि अन्यायही आहे. पवित्र शास्त्राच्या उजेडात तो वाचला म्हणजे आपल्या मंडळीविषयीही तो बोलू लागतो.

१. पाया घालणारा

१६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्याचा पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला व मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे आले. राजाला त्या बेटाचा खर्च जड वाटू लागला, म्हणून १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला अवघ्या १० पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी, १६६९ मध्ये, जेरल्ड आँजिए हा सुरतेच्या वखारीचा प्रमुख व मुंबईचा गव्हर्नर झाला.

तेव्हाची मुंबई म्हणजे दलदल, ताप आणि समुद्रवारा. नवीन आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरते, अशी म्हणच त्या लोकांत पडली होती. अशा ठिकाणी आँजिएने शहर वसविण्याचे मनात घेतले. निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना त्याने येथे येऊन राहण्याचे आमंत्रण दिले. १६७२ मध्ये त्याने न्यायालय सुरू केले आणि त्या प्रसंगी न्याय सर्वांना सारखा मिळाला पाहिजे असे बजावून सांगितले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे. १६७५ मध्ये त्याने मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीला प्रभुभोजनासाठी चांदीचा प्याला अर्पण केला, आणि १६७६ मध्ये किल्ल्याच्या आत चर्चचा पाया घातला.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी मुलांच्या नजरेस आणावी. प्याला आधी आला आणि इमारत मागाहून. मंडळी किल्ल्यातल्या खोल्यांत जमत होती, तरी ती मंडळीच होती. मंदिर नव्हते म्हणून प्रभुभोजन थांबले नाही. ज्या गावी आज आपले बंधुभगिनी एखाद्याच्या ओसरीवर किंवा भाड्याच्या खोलीत उपासना करतात, त्यांनी स्वतःस कमी समजू नये.

१६७७ च्या जून महिन्यात आँजिए सुरतेस मरण पावला. पाया घातला गेला होता, भिंती चढू लागल्या होत्या; पण घर पुरे झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

२. उघड्या भिंती

ह्यानंतर जे झाले ते वाचून मन खिन्न होते. भिंती सुमारे पंधरा फूट उंचीपर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. ना छप्पर, ना दार. चाळीस पावसाळे त्यांच्यावरून गेले. शहराच्या मधोमध, वखारीत जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येक इंग्रजाच्या डोळ्यांसमोर त्या उभ्या होत्या.

पैसा कोठे गेला? त्या काळी ह्या किनाऱ्यावर व्यापार करणारा ॲलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक कप्तान होता. त्याने १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात असा उघड आरोप केला आहे की, चर्चसाठी जमलेला निधी पुढचा अधिकारी सर जॉन चाइल्ड ह्याने स्वतःच्या कामी लावला. हॅमिल्टनचे चाइल्डशी मुळीच पटत नसे. तेव्हा त्याचा शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. परंतु एवढे खरे की त्याच चाइल्डच्या धोरणामुळे कंपनीने मोगलांशी वैर ओढवून घेतले, १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला, आणि लढाई, रोगराई व कंगालपणा ह्यांत बेट बुडाले. चर्च कोणाला आठवणार?

मात्र संकट हे प्रत्येक वर्षाचे कारण होऊ शकत नाही. सिद्दी गेला, व्यापार पुन्हा चालू झाला, गोदामे बांधली गेली, अधिकाऱ्यांची घरे उभी राहिली. भिंती मात्र तशाच राहिल्या.

आता एज्राचा तिसरा अध्याय उघडावा. बाबेलहून परत आलेल्या लोकांनी मंदिराचा पाया घातला, तेव्हा कोणी आनंदाने ओरडले, तर ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते रडले. मग शत्रूंनी अडथळा आणला आणि काम थांबले. हा अडथळा खोटा नव्हता. परंतु सुमारे सोळा वर्षे गेली तरी कोणी हात लावीना, तेव्हा देवाने हाग्गय संदेष्ट्याला पाठविले. हाग्गयाने शत्रूंचे नावही काढले नाही. त्याने लोकांना त्यांच्या घरांकडे पाहावयास सांगितले. तुमच्या घरांना तक्तपोशी झाली आणि देवाचे घर मात्र ओसाड, हे कसे, असा त्याचा प्रश्न होता. जे काम शत्रूने थांबविले असे लोक म्हणत होते, ते प्रत्यक्षात सवयीने थांबले होते.

बंधुभगिनींनो, अपुऱ्या कामाचा हाच धोका आहे. पहिल्या वर्षी ते डोळ्यांना खुपते, पाचव्या वर्षी त्याची सवय होते, आणि विसाव्या वर्षी कोणी विचारले तर आपण म्हणतो, "ते पहिल्यापासून असेच आहे." आपल्या मंडळीत अशा उघड्या भिंती कोणत्या आहेत? बंद पडलेली शब्बाथशाळा, नावापुरते उरलेले महिला मंडळ, वर्षानुवर्षे न तपासलेला हिशेब, भांडण होऊन उपासनेला येईनासे झालेले घर. प्रत्येकाची काही कारणे सुरुवातीला खरीही असतील. आज ती खरी आहेत काय?

३. एक उपदेश व वर्गणीची वही

१७१४ च्या सुमारास रिचर्ड कॉब नावाचा चॅप्लेन मुंबईस आला. त्याने त्या भिंती परक्या डोळ्यांनी पाहिल्या, म्हणून त्याला त्यांची लाज वाटली. एका रविवारी त्याने देवाचे घर बांधण्याविषयी कळकळीने उपदेश केला. उपासना झाल्यावर गव्हर्नर एस्लाबी त्याला म्हणाला की, आज सकाळी तुम्ही चर्चविषयी फारच आवेशाने बोललात. कॉबने नम्रपणे उत्तर दिले की, तसे बोलण्यास कारणही तसेच होते. त्यावर गव्हर्नरने सांगितले की, चर्च हवेच असेल तर होऊ द्या. एक वही तयार करा, कोण काय देतो ते लिहून घ्या, आणि पहिला आकडा माझा घाला. हा सर्व वृत्तांत कॉबने स्वतः पुढे, १७६६ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सांगितला आहे.

चाळीस वर्षे जे झाले नाही ते एका उपदेशाने व एका वहीने सुरू झाले. वर्गणीदारांत एक अविवाहित गृहस्थ होता. त्याने आपल्या नावापुढे आकडा घातलाच, शिवाय पुढे कधी काळी होणाऱ्या आपल्या पत्नीच्या नावानेही वर्गणी लिहिली! लोकांत किती उल्हास होता हे ह्यावरून दिसते. हा उल्हास चाळीस वर्षांत कोठे गेला नव्हता. त्याला हाक मारणारा मिळाला नव्हता एवढेच.

१७१५ च्या नोव्हेंबरात काम पुन्हा सुरू झाले, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी उघडले. तोपर्यंत चार्ल्स बून हा गव्हर्नर झाला होता. त्याच उपासनेत एका बालकाचा बाप्तिस्मा झाला व गव्हर्नर स्वतः त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिला. म्हणजे पाया एकाने घातला, वही दुसऱ्याने उघडली, आणि दार तिसऱ्याच्या काळी उघडले. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, ही प्रभूची शिकवण (योहान ४:३७, ३८) येथे स्पष्ट दिसते.

लूक १४:२८-३० मध्ये प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर लोक हसतील, असे प्रभू सांगतो. प्रभू तेथे शिष्यपणाच्या किमतीविषयी बोलत आहे, इमारतफंडाविषयी नाही, हे खरे. तरी त्यातला नियम दोन्हींना लागू आहे. आवेश पाया घालतो. हिशेब छप्पर घालतो. कॉबपाशी आवेश होता, पण त्याने वहीही ठेवली. आपल्याकडे पुष्कळ वेळा यांपैकी एकच असते.

४. दारात उभा असलेला मनुष्य

त्या नाताळच्या दिवसाची आणखी एक गोष्ट कॉबने लिहून ठेवली आहे आणि ती ह्या पाठाचे हृदय आहे. चर्चच्या मोठ्या दरवाजापाशी रामा कामाठी हा शहरातला वजनदार हिंदू गृहस्थ आपल्या जातीच्या लोकांसह येऊन उभा राहिला होता. तो शेणवी समाजातला. इंग्रजांच्या फौजेसाठी माणसे उभी करणारा, त्यांच्या विश्वासातला मनुष्य. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये नव्याने बांधणारा तोच, असे मानले जाते. उपासनेतील शिस्त व गांभीर्य त्यांना इतके आवडले की उपासना संपेपर्यंत ते सारे दारात उभे राहिले. कॉबला त्याचा आनंद झाला, आणि कोणाला होणार नाही?

परंतु पुढची हकीकत ऐकावी. दोन वर्षांच्या आत, १७२० मध्ये, ह्याच रामा कामाठीवर कंपनीने राजद्रोहाचा खटला भरला. तो कान्होजी आंग्रे ह्यांना आतून सामील आहे असा आरोप होता व पुरावा म्हणून एक पत्र पुढे करण्यात आले. त्याच्या कारकुनाचा छळ करून त्याच्याकडून जबानी काढण्यात आली. रामा कामाठीला जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच मरण पावला. पुढे ते पत्र बनावट असल्याचे उघडकीस आले. पण तोवर तो मनुष्य मातीत गेला होता.

खटल्याच्या वेळी गव्हर्नर बून हाच होता. १७१८ च्या नाताळी चर्चमध्ये मानाच्या जागी बसलेला तोच. ज्या शहरात आँजिएने निःपक्षपाती न्यायाची घोषणा केली त्याच शहरात हे घडले. उपासना सुंदर होती ह्याची साक्ष दारात उभ्या असलेल्या परधर्मी मनुष्याने दिली; उपासकांच्या न्यायाची साक्ष मात्र त्याला तुरुंगात द्यावी लागली.

चर्चच्या इतिहासात असे पान आले म्हणजे ते पटकन उलटावे असे आपणांस वाटते. परंतु पवित्र शास्त्र अशी पाने उलटत नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सभेच्या दारापासूनच सुरू होतो : कोण आत आला, त्याला कोठे बसविले, कोणाला उभे ठेवले. आणि निर्गम २३:१, ७ मध्ये खोट्या साक्षीपासून व निरपराध्याच्या घातापासून दूर राहण्याची आज्ञा आहे. चर्चला छप्पर घातले म्हणजे देवाचे घर पुरे झाले असे नाही. ज्या शहरात ते उभे आहे तेथे न्याय नसेल तर भिंती अजून उघड्याच आहेत.

आजही आपल्या उपासनेच्या दारात कोणी उभा असतो. नगर हवेलीत तो वारली असेल, कोकणा किंवा धोडिया असेल, कारखान्यात कामाला आलेला परप्रांतीय असेल. तो आपली गीते ऐकतो, आपले पांढरे कपडे पाहतो. सोमवारी तो आपल्याला दुकानात, कचेरीत, शेताच्या बांधावर भेटतो. रविवारी जे त्याला आवडले ते सोमवारी त्याला खरे वाटते काय? आपल्या साक्षीची परीक्षा तेथे होते.

कॉबचेही पुढे कौन्सिलशी बिनसले व त्याला पद सोडून मायदेशी परत जावे लागले. ज्याने घर पुरे केले त्याला त्या घरात फार दिवस उपदेश करता आला नाही.

५. दगड काय बोलतात

१८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडलटन ह्यांनी ह्या चर्चची प्रतिष्ठापना करून ते प्रेषित थोमाच्या नावाने अर्पण केले. तोपर्यंत लोक त्याला नुसते 'मुंबईचे चर्च' म्हणत. १८३७ मध्ये मुंबई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, थॉमस कार हे पहिले बिशप झाले आणि चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. लगेच १८३८ मध्ये उंच मनोरा बांधला गेला. १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग वाढविण्यात आला. आणखीही मोठी योजना होती, पण पैसा कमी पडल्यामुळे ती तशीच राहिली. उघड्या भिंतींची गोष्ट पुन्हा एकदा! दरवाजासमोर जे नक्षीदार कारंजे आहे त्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी ह्या पारशी गृहस्थाने केला. देवाच्या घरासमोरचे पाणी दुसऱ्या धर्माच्या दात्याने दिले, हेही विसरू नये.

किल्ल्याच्या तीन दरवाजांपैकी ह्या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात किल्ल्याचा कोट पाडला गेला. दरवाजा नाहीसा झाला, नाव राहिले. शहरातली अंतरे ह्या चर्चपासून मोजीत असत, व तसे मैलाचे दगडही बसविलेले होते. त्यांतले काही आजही मुंबईत सापडतात.

आत भिंतींवर पुष्कळ स्मारकशिला आहेत. बहुतेक सैनिकांच्या, कप्तानांच्या, तरुणपणी तापाने गेलेल्यांच्या. त्यांतली एक गव्हर्नर जोनाथन डंकन ह्यांची आहे. ते १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. काशी व काठेवाड येथील काही कुळांत जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची चाल होती. ती बंद करण्यासाठी त्यांनी खटपट केली, आणि स्मारकावर त्याच कार्याचा उल्लेख आहे. लढाई जिंकल्याची नोंद पुष्कळ शिलांवर असते. मुलींचे प्राण वाचविण्याच्या खटपटीची नोंद असलेली शिला विरळाच.

परंतु ज्या गवंड्यांनी, पाथरवटांनी व डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायांनी ते चर्च उभे केले त्यांची शिला नाही. रामा कामाठीचीही नाही. देवाच्या पुस्तकात कोणाची नावे आहेत हे आपण संगमरवरावरून ठरवू शकत नाही.

६. घर कोणाचे?

हे चर्च कंपनीच्या लोकांनी कंपनीच्या लोकांसाठी बांधले. कंपनी गेली, राणीचे राज्य आले, तेही १९४७ मध्ये गेले. घर राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे कॅथीड्रल तिच्या मुंबई धर्मप्रांताचे झाले. आज भारतीय बिशप व पाळक तेथे सेवा करतात. २००४ मध्ये जुन्या वास्तूच्या उत्तम जतनाबद्दल त्याला युनेस्कोचा सन्मान मिळाला.

आम्हां सिल्वासाच्या लोकांना ही गोष्ट चांगली समजते. आमच्या नगर हवेलीवर १७८३ पासून पोर्तुगिजांचा अंमल होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी तो संपला व १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्या अमदानीत उभे राहिलेले आमच्या रोमन कॅथलिक बांधवांचे पियाद मातेचे चर्च अजून उभे आहे आणि त्यात येथलेच लोक प्रार्थना करतात. घर कोणी बांधले ह्यावरून ते कोणाचे हे ठरत नाही. त्यात आज कोण गुडघे टेकतो ह्यावरून ठरते.

म्हणून आपली ख्रिस्ती मंडळी परक्यांची देणगी आहे असे कोणी हिणविले तर आपण रागावू नये आणि लाजूही नये. चांगले ते उपकारपूर्वक घ्यावे, वाईट ते वाईट म्हणावे, आणि अपुरे ते पुरे करावे. पेत्राच्या पहिल्या पत्राप्रमाणे आपण स्वतः जिवंत दगड आहोत व ख्रिस्त कोनशिला आहे. त्या घराचे काम अजून चालू आहे, आणि त्याच्या भिंतीत आपल्यासाठी जागा राखलेली आहे.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न

१. आँजिएने चर्चचा पाया कोणत्या वर्षी घातला व ते उपासनेसाठी केव्हा उघडले? मध्ये किती वर्षे गेली?
२. हाग्गयाच्या काळचे लोक मंदिर न बांधण्याचे काय कारण सांगत होते? हाग्गयाने त्यांना काय दाखवून दिले?
३. कॉबच्या उपदेशाचा परिणाम का झाला? नुसत्या आवेशाने काम झाले असते काय?
४. रामा कामाठी उपासनेला दारात उभा राहिला. त्याच्यावर झालेल्या अन्यायावरून आपण काय शिकावे? याकोब २:१-९ वाचून उत्तर द्या.
५. आपल्या मंडळीतली एक 'उघडी भिंत' सांगा. ती पुरी करण्यासाठी आपला वर्ग ह्या महिन्यात काय करील?

शिक्षकांना सूचना : मोठ्या मुलांना आपल्या मंडळीच्या सर्वांत वृद्ध सभासदांकडे पाठवावे. आपले उपासनामंदिर कोणी व कधी बांधले, कोणी अंगमेहनत केली, ज्यांची नावे फळ्यावर नाहीत असे कोण होते, हे त्यांना विचारून लिहून आणण्यास सांगावे. ती वही मंडळीच्या दप्तरात जपून ठेवावी. लहान मुलांना वाळूत किंवा खडूने अर्धी भिंत काढून द्यावी आणि उरलेली प्रत्येकाने एकेक दगड काढून पुरी करावी. शेवटी सर्वांनी मिळून, जे आपल्या दारात उभे आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.